लहान खासगी इंजिनिअरिंग कॉलेजची फी: बोर्डावरची आणि आपल्या खिशातली

दर जूनमध्ये ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतो. "दादा, अमुक कॉलेजची फी किती हो?" कॉलेज बहुधा तालुक्याच्या नाहीतर जिल्ह्याच्या ठिकाणचं असतं, विनाअनुदानित, तीन-चार शाखांचं. अशाच एका कॉलेजच्या विद्यार्थी विभागात मी खिडकीच्या आतल्या बाजूला बसलोय, म्हणून फोन मला. मी उलटं विचारतो: प्रवेश कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय फेऱ्यांतून, घेणार की संस्थास्तरावर, म्हणजे कॉलेज स्वतः भरतं त्या जागेवर? उत्पन्नाचा दाखला कितीचा? मुलगा की मुलगी? समोरचा वैतागतो. त्याला एक आकडा हवा असतो. पण तो एक आकडा अस्तित्वातच नसतो. एका बाकावर बसणाऱ्या चार जणांच्या खिशातून चार वेगवेगळ्या रकमा जातात, आणि त्या ठरतात मुख्यतः प्रवेश कोणत्या वाटेने झाला यावर.

हिशोब मांडूनच बघू. समजा कॉलेजची ट्यूशन फी ९०,००० आणि विकास शुल्क ९,०००, एकूण ९९,००० रुपये. आकडे सोयीसाठी घेतलेत, पण पावतीवर हे दोन भाग वेगळे छापलेले असतात आणि तो वेगळेपणा फार महत्त्वाचा आहे. कारण सरकारच्या बऱ्याच सवलती ट्यूशन फीवर मिळतात, विकास शुल्कावर नाही.

पहिला मुलगा खुल्या प्रवर्गातला, घरचं वार्षिक उत्पन्न ६ लाख, प्रवेश कॅपमधून. त्याला राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती लागू होते. उत्पन्नाची मर्यादा ८ लाख. निम्मी ट्यूशन फी म्हणजे ४५,००० सरकार देतं, त्याच्या घरून जातात ५४,०००. दुसरी मुलगी ओबीसी, उत्पन्न ८ लाखांच्या आत, प्रवेश कॅपमधूनच. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची पूर्ण ट्यूशन फी आणि परीक्षा फी माफ झाली. तिचे जातात ९,००० आणि किरकोळ खर्च. तिसरा मुलगा टीएफडब्ल्यूएसच्या, म्हणजे ट्यूशन फीमाफी योजनेच्या जागेवर. या जागा मंजूर संख्येच्या वर पाच टक्के असतात, म्हणजे साठच्या वर्गात तीन. ट्यूशन फी शून्य, विकास शुल्क भरायचं. चौथा संस्थास्तरावरून आला. मार्क बाकीच्यांइतकेच, कदाचित जास्तच. त्याचे पूर्ण ९९,००० जातात आणि चारही वर्षं तसेच जातात.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, त्यावर असेल तर फ्रीशिप, म्हणजे फीमाफी. एनटी (भटक्या जमाती) आणि एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग) यांच्यासाठीही ट्यूशन फीची योजना आहे. प्रत्येक योजनेचा विभाग वेगळा, अट वेगळी. अर्ज मात्र सगळे महाडीबीटी या एकाच पोर्टलवर.

मग बोर्डावरचा ९९,००० हा आकडा येतो कुठून? पूर्वी तो कॉलेजचे मालकच ठरवायचे. १९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना महाराष्ट्रात विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली. त्याआधी इथली पोरं देणगी भरून कर्नाटकात जायची. मग देणगी इथेच घेतली जाऊ लागली, 'शिक्षणसम्राट' हा शब्द रूढ झाला, आणि १९८७ मध्ये राज्याला देणगीबंदीचा कायदा करावा लागला. पुढे हा सगळा मामला सुप्रीम कोर्टात अनेकदा गेला. २००२ च्या टी. एम. ए. पै खटल्यात खासगी संस्थांना स्वायत्तता मिळाली. २००३ च्या इस्लामिक अकॅडमी खटल्यानंतर निवृत्त न्यायाधीशांच्या समितीने फी तपासायची पद्धत आली. २००५ चा इनामदार खटला तर पुण्याचाच, त्यात कोर्टाने पुन्हा बजावलं की नफेखोरी आणि देणगी चालणार नाही. आपल्याकडची शिक्षण शुल्क समिती यातूनच आली, आणि २०१५ च्या कायद्याने तिच्या जागी शुल्क नियामक प्राधिकरण बसलं. प्रवेश नियमात झाले की नाही हे बघायला वेगळं प्रवेश नियामक प्राधिकरण आहे.

आता पद्धत अशी की कॉलेज आपला लेखापरीक्षित खर्च प्राधिकरणाकडे देतं. पगार हा त्यातला सगळ्यात मोठा भाग. प्राधिकरण काही खर्च मान्य करतं, काही कापतं, आणि त्या वर्षाची फी ठरवून देतं. ती प्राधिकरणाच्या वेबसाइटवर कॉलेजनिहाय बघायला मिळते. कुणाला विचारायची गरज नाही, खिडकीवरच्या माणसाला तर नाहीच. त्यापेक्षा जास्त घेता येत नाही. कमी घेतली तर मात्र कुणी हात धरत नाही, आणि लहान कॉलेजात सगळी गंमत इथेच सुरू होते.

रिकाम्या जागांचं गणित

कॉलेज तुमच्याशी गोड का बोलतं ते कळायला त्याचा खर्च बघावा लागतो. एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या नियमाने वीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक. साठच्या एका शाखेत चारही वर्षं भरली तर २४० विद्यार्थी आणि बारा शिक्षक. शिवाय प्राचार्य, लॅब असिस्टंट, शिपाई, वीजबिल, संलग्नतेची फी. यातलं बरंचसं विद्यार्थी आले काय न आले काय, द्यावंच लागतं. एसटी अर्धी रिकामी धावली तरी डिझेल तेवढंच जळतं, तसंच हे. आपल्या उदाहरणातल्या ट्यूशन फीने साठ जागा भरल्या तर पहिल्या वर्षाचे ५४ लाख येतात. पंचवीसच भरल्या तर साडेबावीस लाख. आणि हा खड्डा एका वर्षात बुजत नाही, ती बॅच चार वर्षं तेवढीच राहते.

थोडा आधार मिळतो तो डिप्लोमावाल्यांचा. पहिल्या वर्षी रिकाम्या राहिलेल्या जागांवर दुसऱ्या वर्षाला पॉलिटेक्निकची मुलं थेट घेता येतात. कित्येक ग्रामीण कॉलेजं याच मुलांवर उभी आहेत. म्हणून पहिल्या वर्षाच्या जागा रिकाम्या दिसल्या एवढ्यावरून कॉलेज बंद पडणार असं समजू नका. तिसऱ्या वर्षाच्या वर्गात किती मुलं बसतात ते बघा.

२०२४-२५ पासून यात आणखी भर पडली. एआयसीटीईने एका शाखेत किती जागा असाव्यात याची वरची मर्यादा काढली. शहरांतल्या मोठ्या कॉलेजांनी कॉम्प्युटर आणि एआयच्या तुकड्या वाढवल्या. पूर्वी ज्या मुलाला तिथे जागा मिळाली नसती आणि जो तालुक्याच्या कॉलेजात कॉम्प्युटरला आला असता, तो आता शहरात जातो. लहान कॉलेजांनी सिव्हिल, मेकॅनिकलच्या जागा कमी करून कॉम्प्युटरचीच पाटी लावली, पण मुलं मोजकीच.

परिणाम खिडकीवर दिसतो. मे महिन्यात परीक्षा संपल्या की प्राध्यापकांना प्रवेशाचं टार्गेट मिळतं. डॉक्टरेट केलेला माणूस मोटरसायकलवर गावोगावच्या ज्युनिअर कॉलेजांतून याद्या गोळा करत फिरतो, बारावीच्या पोरांना फोन करतो. बस मोफत, पहिल्या वर्षी विकास शुल्क माफ, हॉस्टेलला सूट, असं काय काय बोललं जातं. यातलं काही खरंही असतं. तोंडी असतं एवढंच. "सरांनी सांगितलं होतं" हे वाक्य मी दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला खिडकीच्या पलीकडून पुष्कळ ऐकलं, आणि बहुतेकदा ते सर तोवर नोकरी सोडून गेलेले असायचे. सूट मिळत असेल तर जरूर घ्या, पण कॉलेजच्या लेटरहेडवर, किती वर्षांसाठी हे लिहून. पावती पूर्ण फीची आणि हातात परत काही पैसे, असा व्यवहार कुणी सुचवला तर तिथून उठा.

लॉगिन कुणाच्या हातात

एमएचटी-सीईटी झाली की राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया चालवतो. लोक तिला कॅप म्हणतात. नोंदणी, कागदपत्रांची पडताळणी, गुणवत्ता यादी, मग पर्याय भरायचा अर्ज. या पर्यायांच्या अर्जाबद्दल एक गैरसमज घट्ट बसलाय: वर मोठं कॉलेज टाकलं आणि ते मिळालं नाही तर खालचं मिळायची संधीही जाते. तसं होत नाही. कॉम्प्युटर तुमचा क्रमांक आला की तुमची यादी वरून खाली वाचतो आणि जिथे पहिली रिकामी जागा सापडेल तिथे थांबतो. वरच्या दहा ठिकाणी जागा नसली तर अकराव्या ठिकाणी तुमचा हक्क तितकाच शाबूत असतो. म्हणून यादी मनाच्या पसंतीने लावायची. अंदाज बांधून लावायची नाही.

पण पसंतीने लावलेल्या यादीत पहिला पर्याय मिळाला तर तो घ्यावाच लागतो, त्याला ऑटो फ्रीझ म्हणतात. २०२५ च्या नियमांत फास आणखी आवळला: दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी काहीही मिळालं तरी पुढच्या फेऱ्यांचा रस्ता बंद. नियम दरवर्षी थोडेफार हलतात, माहितीपुस्तिका नवीनच वाचायची.

हे लक्षात घेतलं की पुढचा प्रकार किती घातक आहे ते कळेल. कॉलेजचा माणूस घरी येतो, "फॉर्मची कटकट कशाला, आम्ही भरून देतो" म्हणतो आणि लॉगिन, पासवर्ड नेतो. मोबाइलवर ओटीपी आला की बाप फोनवरून आकडे वाचून दाखवतो. यादीत पहिला पर्याय त्यांचं कॉलेज, दुसरा त्यांचीच दुसरी शाखा. पहिल्याच फेरीत जागा मिळते आणि मुलगा बांधला जातो. त्याच्या मार्कांना जिल्ह्यातल्या जुन्या, चांगल्या कॉलेजात जागा होती हे कटऑफ बघितल्यावर कळतं. नोंदणीला आपला नंबर, आपला ईमेल, पासवर्ड घरातच. सायबर कॅफेत किंवा सेवा केंद्रात फॉर्म भरलात तरी यादीची प्रिंट घेऊन प्रत्येक ओळ वाचल्याशिवाय उठायचं नाही. टीएफडब्ल्यूएस हवं असेल तर तो वेगळा पर्याय म्हणून भरावा लागतो, त्याच्या कोडच्या शेवटी टी असतो. हा टी न भरल्यामुळे चार वर्षांची ट्यूशन फी भरणारी घरं मी पाहिली आहेत. कटऑफ तिथे चढी असते हे खरं, पण लहान कॉलेजात ती आवाक्यातलीही असते.

संस्थास्तर, म्हणजे लोकांच्या भाषेत मॅनेजमेंट कोटा. खासगी विनाअनुदानित कॉलेजात साधारण वीस टक्के जागा संस्था स्वतः भरते. त्या मनमानीने वाटायच्या नसतात. जाहिरात द्यायची, अर्ज मागवायचे, गुणवत्तेने यादी लावायची, असा नियम आहे. कॅपच्या फेऱ्या संपल्यावर उरलेल्या जागाही संस्थास्तरावर भरल्या जातात, त्याला ऑफिसात 'अगेन्स्ट कॅप' म्हणतात. लहान कॉलेजात वीस टक्क्यांना फारसं कुणी विचारत नाही, कारण कॅपच्याच जागा उरतात. तरीही तिथे मुलं कॅप सोडून थेट संस्थास्तरावर येतात, कारण कुणीतरी सांगितलेलं असतं, "कशाला फेऱ्यांची वाट बघता, आत्ताच अॅडमिशन पक्की करून टाका." ज्या मुलाला पहिल्या फेरीत तीच जागा निम्म्या फीत मिळाली असती, तो पूर्ण फी भरून बसतो. कॅपमधून प्रवेश ही बहुतेक शिष्यवृत्तींची अट आहे. माझ्या मते सामान्य घरातल्या माणसाची सगळ्यात महागडी चूक हीच. 'अगेन्स्ट कॅप'ला योजना लागू होईल असं कुणी म्हणालं तर कोणत्या शासन निर्णयाने, ते कागदावर मागा.

खासगी विद्यापीठं आणि अभिमत विद्यापीठं ही आणखी वेगळी गोष्ट. त्यांची इमारत मोठी, जाहिरात मोठी. पण त्यांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवत नाही आणि मुलींच्या पूर्ण फीमाफीतून ती स्पष्ट वगळलेली आहेत. नावात 'विद्यापीठ' असेल तर दोनदा चौकशी करा.

शिष्यवृत्ती मंजूर होते ती कागदांवर, आणि कागद जूनमध्ये काढायला गेलं की तहसीलमध्ये रांग असते. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रिमिलेअर. नॉन-क्रिमिलेअर पुढच्या ३१ मार्चपर्यंत चालणारं लागतं. मागच्या वर्षीचं दाखवलं तर पडताळणीत अडतं आणि मुदतीत नवं दिलं नाही तर मुलगा खुल्या प्रवर्गात ढकलला जातो. वैधतेचा अर्ज अकरावीतच टाकावा. आधार बँक खात्याला जोडलेलं हवं, आणि कुठल्या खात्याला जोडलंय तेही माहीत हवं, कारण पैसे तिथेच जातात.

हे पैसे येतात उशिरा. पहिला हप्ता कधी कधी वर्ष संपताना. पात्र विद्यार्थ्याकडून कॉलेजने सवलतीची रक्कम प्रवेशाच्या वेळी मागायची नाही, असे शासनाचे आदेश आहेत. पण पगार थकलेलं कॉलेज म्हणतं, आधी भरा, आल्यावर परत देऊ. दोन्ही बाजूंनी बघितलंय म्हणून सांगतो, कॉलेजची अडचण खोटी नसते. तरी ती तुम्ही सोडवायची नसते. शासन निर्णयाची प्रत सोबत न्या, शांतपणे दाखवा, तंत्रशिक्षणच्या विभागीय कार्यालयाचं नाव घ्या. बऱ्याचदा तेवढ्याने भागतं. आणि एक घरगुती गोष्ट: काही योजनांत रक्कम थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येते आणि ती कॉलेजला भरायची असते. नेमकी पेरणीच्या तोंडावर येते. बियाण्यात जाते. मग चौथ्या वर्षी नो ड्यूज अडतो, टीसी अडते. मुलाला पहिल्यापासून सांगून ठेवा की हे पैसे आपले नाहीत. वायडी लागली, म्हणजे नापास होऊन वर्ष वाया गेलं, तर शिष्यवृत्ती थांबते हेही.

फीपलीकडचा खर्च मी मुद्दाम शेवटी घेतोय, कारण लोक तो विचारातच घेत नाहीत. सवलत मिळालेल्या घरात बस, हॉस्टेल, मेस यांचा खर्च फीच्या वर जातो. लहान कॉलेजचा खरा फायदा इथे आहे. मुलगी घरून डबा घेऊन एसटीच्या पासवर येऊन-जाऊन शिकली तर पुण्यातल्या एका वर्षाच्या खोलीभाड्यात तिची पदवी होते, आणि त्यात कमीपणा काही नाही. पण मग कॉलेज बघून घ्यायला हवं. ब्रोशरमधल्या प्लेसमेंटच्या फोटोंकडे लक्ष देऊ नका. आपल्या शाखेला एनबीए (शाखेच्या दर्जाचं मानांकन) आहे का ते विचारा, कॉलेजला नॅकची (पूर्ण कॉलेजच्या मूल्यांकनाची) कुठली ग्रेड आहे ते बघा, आणि कामाच्या दिवशी, दुपारी, न सांगता जा. लॅबचं कुलूप उघडं आहे का बघा. कँटीनला तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा की या सेमिस्टरला किती शिक्षक बदलले. प्राध्यापकांचे पगार थकले की चांगले आधी जातात. शाखेला मागच्या वर्षीचे निम्मे शिक्षक नसतील तर फी कितीही माफ होवो, पुढे चला.

पैसे भरताना प्रत्येक रुपयाची कॉलेजच्या नावाची पावती घ्या, ट्रस्टच्या किंवा 'विकास निधी'च्या नाही. अनामत रक्कम वेगळी लिहिलेली आहे का बघा, ती पदवीनंतर परत मिळते, मागितली तर. कर्ज लागलं तर शैक्षणिक कर्जाच्या ठरलेल्या योजनेत ४ लाखांपर्यंत स्वतःची रक्कम घालावी लागत नाही आणि साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही. बँक कॅपचं अलॉटमेंट लेटर मागते, तिथेही संस्थास्तरवाल्याला चार फेऱ्या जास्त पडतात.

आणि प्रवेश घेतल्यावर मन बदललं, किंवा पुढच्या फेरीत दुसरीकडे जागा लागली, तर घाबरून जायचं कारण नाही. प्रवेश परीक्षा कक्षाने जाहीर केलेल्या शेवटच्या तारखेच्या आत प्रवेश रद्द केला तर एक हजार रुपये कापून बाकी सगळी फी परत द्यावी लागते. ती तारीख उलटली की फक्त अनामत मिळते. मूळ कागदपत्रं अडवून ठेवायचा अधिकार कॉलेजला नाही. पडताळणी झाली की परत घ्यायची. रद्द करायचा अर्ज आधी आपल्या लॉगिनमधून ऑनलाइन टाकायचा, मग त्याची प्रिंट सही करून कॉलेजात द्यायची आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्यायचा. बाबू म्हणेल, साहेब सुट्टीवर आहेत, सोमवारी या. आवक-जावकच्या टेबलाला साहेब लागत नाहीत. शिक्का तिथेच असतो.